साहेबांना ‘हे असं नको’ कसं सांगितलंत? नोकरीतल्या उतरंडीचे अनुभव

नवीन मुलं रुजू होतात तेव्हा त्यांना मशीन शिकवतो, सॉफ्टवेअर शिकवतो, सुरक्षेचे नियम पाठ करून घेतो. साहेबांचं म्हणणं पटलं नाही तर ते कुठे, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे मात्र ज्याचं त्यानं शिकावं असं आपण धरून चालतो. मी पिंपरी-चिंचवड भागात एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते. नोकरी सोडणाऱ्यांशी शेवटचं बोलणं माझ्याकडे असतं. फॉर्मवर पगार, अंतर, घरची अडचण अशी कारणं असतात. जरा निवांत बसून बोललं की निराळंच निघतं: “मॅडम, मला दिसत होतं, पण सांगणार कोणाला?”

बढतीच्या बैठकांनाही मी असते. तिथे काही चांगल्या, कष्टाळू माणसांची नावं मागे पडतात, कारण त्यांच्याबद्दल वरच्या कोणालाच काही सांगता येत नाही. त्यांनी कधी प्रश्न विचारलेला नसतो, कधी पर्याय सुचवलेला नसतो. माझं ठाम मत आहे की वरच्या माणसाला नको असलेली गोष्ट नीट सांगता येणं हे कौशल्य आहे आणि ते शिकता येतं. कामातली हुशारी बऱ्याच जणांकडे असते. ही गोष्ट जमलेले फार थोडे भेटतात.

म्हणून अनुभव मागतेय. राजकारण किती वाईट असतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवू नका. प्रसंग काय होता, तुम्ही नेमकं काय म्हणालात, पुढे काय झालं, एवढं लिहा. कंपन्यांची, कार्यालयांची आणि माणसांची नावं नकोत.

महसूल खात्यातून निवृत्त, सोलापूर जिल्हा

लिपिक म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. बरीचशी नोकरी तहसील कचेरीत. आमच्याकडे उतरंड लपलेली नसते. लिपिक, अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार, त्यावर प्रांत, त्यावर कलेक्टर. संचिका या पायऱ्या चढत जाते. खालच्या माणसाला काही अधिकार नसतो असं बाहेरच्यांना वाटतं, पण टिप्पणी तो लिहितो. वरच्या प्रत्येकाला त्या टिप्पणीशी सहमत व्हावं लागतं किंवा आपण असहमत का आहोत ते स्वतःच्या सहीनिशी लिहावं लागतं. ही ताकद नव्या मुलांना कोणी समजावून सांगत नाही.

शेतरस्त्याचं एक प्रकरण होतं, जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खालचं. अर्जदार वजनदार होता. तहसीलदार साहेबांनी बोलावून सांगितलं, “आजच आदेश तयार करून आणा.” संचिकेत स्थळपाहणीचा अहवाल नव्हता, शेजारच्या खातेदारांचं म्हणणंही नव्हतं. साहेबांसमोर “नियमात बसत नाही” म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता आणि आदेश दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतला गेला असता. मी “होय साहेब, टिप्पणी सादर करतो” म्हणालो आणि टेबलावर येऊन लिहिलं: “स्थळपाहणी अहवाल व लगतच्या खातेदारांचे म्हणणे संचिकेत आढळून येत नाही. ते प्राप्त करून घेऊन आदेश पारित करणे उचित होईल. मान्य असल्यास स्थळपाहणीची तारीख कळविणारे पत्र सोबत स्वाक्षरीस्तव सादर.”

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पत्राचा मसुदा मी तयार करून जोडला होता. साहेबांनी फक्त तारीख घालून सही करायची होती.

साहेब चिडले. आत बोलावलं, आवाज चढला. मी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणालो, “साहेब, हे उद्या वर गेलं तर पहिला प्रश्न पाहणीचा येईल, आणि आदेशावर सही तुमची असेल.” थोडा वेळ ते संचिका चाळत बसले. मग पत्रावर सही केली. पाहणीला गेल्यावर कळलं की गावकऱ्यांची जुनी वहिवाट अर्जात दाखवलेल्या बांधावरून नव्हतीच, पलीकडच्या बांधावरून होती.

दोन गोष्टी सरकारी नोकरीतल्या तरुणांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमण्यन प्रकरणात ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सांगितलं आहे की अधिकाऱ्यांनी नुसत्या तोंडी आदेशांवर काम करू नये, त्यांची नोंद घ्यावी. तो निकाल वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांच्या याचिकेवरचा असला तरी “चर्चेत दिलेल्या निर्देशांनुसार सादर” असं लिहिण्याची सवय प्रत्येक टेबलावर उपयोगी पडते. दुसरं, बदल्या आणि विलंबाबाबतचा आपला २००५ चा कायदा. त्यात साधारणपणे कोणतीही संचिका एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये अशी तरतूद आहे. पटत नाही म्हणून संचिका दाबून ठेवणारे मी खूप पाहिले. त्यात तुम्हीच अडकता. पटत नसेल तर ते लिहा आणि संचिका पुढे पाठवा.

ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर, मुंबई

माझं क्षेत्र वेगळं आहे, इथे संचिकेला वेळ नसतो. शस्त्रक्रिया संपत आली की पोट शिवण्याआधी मॉप (रक्त टिपायची कापडं), गॉज, सुया, हत्यारं यांचा काउंट, म्हणजे मोजणी, करतात. सर्जनच्या हाती हत्यारं देणारी स्क्रब सिस्टर आणि बाहेरची सिस्टर दोघी मिळून मोठ्याने मोजतात. काउंट जुळला की सर्जनना सांगायचं, मग टाके.

एका रात्री इमर्जन्सी केस होती. रुग्ण बराच वेळ भुलीखाली होता, भूलतज्ज्ञ घाई करत होत्या. एक मॉप कमी भरत होता. सर म्हणाले, “मी पाहिलंय, आत काही नाही. सुचर द्या.” सुचर म्हणजे टाक्यांचा दोरा. ओटीत सर्जनच्या शब्दाला काय वजन असतं हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. मी म्हणाले, “सर, काउंट एकने कमी आहे. पुन्हा मोजते. तोपर्यंत सुचर देत नाही.” आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. बाहेरच्या सिस्टरने फळ्यावरचा आकडा मोठ्याने वाचला. सरांनी पुन्हा हात घातला. मॉप आतच होता, यकृताच्या मागच्या बाजूला, रक्ताने भिजून आसपासच्या रंगात मिसळलेला.

त्या क्षणी मला धीर कशाने आला हे सांगते. “मला वाटतं” असं काही बोलायचं नव्हतंच, फक्त आकडा सांगायचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी आणली, तिच्यात एकोणीस मुद्दे आहेत. काउंट पूर्ण झाला का, हे रुग्णाला ओटीतून हलवण्याआधी तोंडी सांगायचं, असा त्यातला एक. सुरी लावण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असाही एक आहे. पहिल्यांदा आम्हाला ते अवघडल्यासारखं वाटायचं. पण एकदा स्वतःचं नाव त्या खोलीत मोठ्याने उच्चारलं की दुसऱ्यांदा तोंड उघडणं सोपं जातं, हा माझा अनुभव आहे. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीचंही एक होतं, ही यादी वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

ते सर अजूनही आमच्याकडे येतात. आता काउंट झाल्याशिवाय सुचरसाठी हात पुढे करत नाहीत. त्याविषयी आमचं कधी काही बोलणं झालं नाही आणि त्याची गरजही नव्हती.

सीएनसी ऑपरेटर, चाकण

मी लातूरकडचा, आयटीआय करून इकडं आलो. आमच्याकडं बोअरचं, म्हणजे पार्टातल्या भोकाचं, माप हळूहळू सरकायला लागलं की कळतं, टूल झिजलाय. त्या दिवशी टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, आत होतं पण कडेला आलतं. शिफ्ट इनचार्जला म्हणलं, टूल बदलू. ते म्हणले, गाडी लागलीय, डिस्पॅच होऊ दे, मग बदल. मी वाद नाही घातला. दर पाच पीसला बोअर गेज लावून रीडिंग रजिस्टरला लिहीत गेलो, वेळ टाकून. टॉलरन्सच्या बाहेर पहिला पीस गेला तसा मशीन थांबवून तो खराब मालाच्या लाल बिनमध्ये टाकला आन् रजिस्टर घेऊन इनचार्जकडं गेलो. म्हणलं, “सर, हे बघा, इथून इथवर असं सरकलंय. आता थांबवलंय. टूल बदलायला परवानगी द्या.” आकडे बघितल्यावर माणूस रागवत नाही, निदान आमचे तरी नाही रागावले. क्वालिटीवाल्या मॅडमनी ते रजिस्टर नंतर सगळ्या मशीनला लावलं. पुढं मला सेटर (मशीन लावून देणारा) केलं त्या वेळी याच गोष्टीचं नाव निघालं.

अजून एक. आमच्यातली बरीच पोरं साहेब आले की मान खाली घालून काम करत्यात. मी ठरवून एक प्रश्न विचारतो, कामाचाच. “सर, हा पार्ट गाडीत कुठं बसतो?” असा. साहेबांना आपलं तोंड लक्षात राहतं आन् आपल्यालाबी कळतं आपण काय बनवतोय.

बँक अधिकारी, मूळ सातारा

बँकेत क्लार्क म्हणून लागलेल्या बायका बढती का नाकारतात हे बँकेतल्या प्रत्येकाला माहीत आहे. अधिकारी झालं की बदली, आणि ती कुठेही. मीही बरीच वर्षं फॉर्म भरला नाही. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँकिंगच्या दोन्ही परीक्षा देऊन ठेवल्या होत्या, कर्ज विभागाचं काम मागून घेऊन शिकले होते. मुलगी अकरावीला गेली आणि सासूबाईच म्हणाल्या, “आता भर की फॉर्म, मी आहे इथे.” पहिली नेमणूक तेलंगणातल्या एका तालुक्याच्या गावी मिळाली. तेलुगू येत नव्हतं. शाखेतल्या शिपायाकडून रोज संध्याकाळी शिकले, आधी आकडे, मग नाती, मग शेतीचे शब्द.

आता उतरंडीचा प्रसंग. बँकेत वरून विम्याचं टार्गेट येतं. क्षेत्रीय कार्यालयातून रोज फोन, शाखेत किती पॉलिसी झाल्या. आमचे शाखा व्यवस्थापक तरुण होते, स्वभावाने चांगले, पण त्या फोनने पिचलेले. एक म्हातारे शेतकरी मुदत ठेव मोडायला आले, नातीच्या लग्नासाठी. व्यवस्थापक मला बाजूला घेऊन म्हणाले, “यातले निम्मे पॉलिसीत वळवा, मॅडम. समजावून सांगा त्यांना.” ती पाच वर्षं पैसे अडकवणारी पॉलिसी होती.

“हे चूक आहे” असं मी म्हणाले असते तर ते मलाही आणि त्यांनाही जड गेलं असतं. त्यांना नडलं होतं टार्गेट, आजोबा नव्हे. मी म्हणाले, “सर, यांना पैसे चार महिन्यांत लागणार आहेत. लग्नाच्या वेळी हेच आजोबा चार माणसं घेऊन शाखेत येतील. मी तुम्हाला आज संध्याकाळपर्यंत पगारखात्यांची यादी काढून देते, शिक्षक आहेत, विद्युत मंडळाचे लोक आहेत, ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत. त्यांना खरंच विमा हवा असेल. उद्यापासून मी स्वतः फोन करते.” त्यांनी क्षणभर विचार केला आणि आजोबांची ठेव मोडून दिली. यादीतून पॉलिसी झाल्या. टार्गेट पूर्ण झालं नाही, पण क्षेत्रीय कार्यालयाला दाखवण्यापुरतं काम झालं.

साहेब चुकीचं काही सांगतात तेव्हा त्यांना त्यांच्या वरचं कोणीतरी दाबत असतं. तो दाब कशाचा आहे हे कळलं की त्यांना दुसरी वाट दाखवता येते. नुसता नकार घेऊन वर तोंड दाखवायला त्यांच्याकडे काही उरत नाही.

आयटी, हिंजवडी

बँकेच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे क्लायंट कॉलवर मॅनेजर “दोन आठवड्यांत होईल” म्हणून मोकळा होतो आणि कॉल संपल्यावर टीमला विचारतो. मी आता कॉलवरच बोलते, पण नाही म्हणत नाही: “दोन आठवड्यांत पहिले तीन भाग चाचणीसकट मिळतील, चौथा त्यानंतर.” क्लायंटला तारीख मिळते, मॅनेजरचा शब्द राहतो, टीमच्या रात्री वाचतात.

श्रेय दुसऱ्याने लाटण्याबद्दल खूप जण विचारतात. कॉल झाला की अर्ध्या तासात मी इतिवृत्त पाठवते. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. ज्याच्याकडून इतिवृत्त येतं त्याच्याकडेच लोक प्रश्न घेऊन येतात. कोणाशी भांडावं लागत नाही.

कंत्राटी आरोग्यसेविका, विदर्भ

वरचं सगळं वाचलं. सगळ्यांचं पटतं, तरी एक गोष्ट मला इथे मांडलीच पाहिजे. तुम्ही सगळे कायम नोकरीतले आहात, किंवा एक नोकरी गेली तर दुसरी मिळेल अशा शिक्षणाचे. माझा करार अकरा महिन्यांचा. तो पुढे चालू ठेवायचा की नाही यावर ज्यांचा शेरा लागतो, त्यांच्याच कामातली चूक मला दाखवायची असते. अशा वेळी “आकडे दाखवा, शांतपणे बोला” हे पुरत नाही. चाकणच्या भावाला इनचार्ज चांगले मिळाले, सगळ्यांना मिळत नाहीत.

आमच्याकडे लसीकरणाचं उद्दिष्ट असतं. एका वर्षी पावसामुळे दोन पाड्यांचा रस्ता बंद होता, सत्रं झालीच नाहीत. वरून निरोप आला की अहवालात झाली म्हणून दाखवा, पुढच्या महिन्यात भरून काढू. बाळाला लस मिळालेली नसताना कागदावर मिळाली असं लिहिलं की ते बाळ आमच्या यादीतून जातं. मग त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. गोवराची साथ आली तर पहिलं तेच सापडतं.

मी एकटी बोलले नाही. आम्ही त्या भागातल्या सगळ्या जणी एका रविवारी एकीच्या घरी जमलो. त्यात एक कायम नोकरीतली ज्येष्ठ ताई होती, निवृत्तीला आलेली. पत्र सगळ्यांच्या सहीचं लिहिलं आणि पहिली सही तिची घेतली. पत्रात तक्रार एका ओळीचीही नव्हती. “रस्ता बंद असल्याने खालील पाड्यांवरील सत्रे होऊ शकली नाहीत. वंचित बालकांची नावनिहाय यादी सोबत जोडली आहे. रस्ता सुरू होताच विशेष सत्र घेण्यास आम्ही तयार आहोत, वाहन मिळावे.” नावनिहाय यादी हातात आल्यावर ती मुलं नाहीतच असं कोणालाच म्हणता येईना. वाहन मिळालं. सत्रं झाली.

ज्यांची नोकरी पक्की आहे त्यांना माझं सांगणं आहे. तुमच्या खात्यात कंत्राटी माणसं असतील. त्यांना दिसणारं खूप असतं आणि बोलण्याची किंमत त्यांना सर्वांत जास्त मोजावी लागते. त्यांच्या कागदावर पहिली सही तुम्ही करा.

(धागा सुरू करणारी: ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या कारखान्यातही कंत्राटी कामगार बरेच आहेत आणि सुरक्षा समितीच्या बैठकीत त्यांचा आवाज नसतो. पुढच्या बैठकीचा पहिला विषय हाच घेते.)

जिल्हा परिषद शिक्षिका, नगर जिल्हा

थोडक्यात लिहिते. शाळेत माहितीची मागणी रोज येते, बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर, “तातडीने”. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये. मी हे कलम कोणाच्या तोंडावर फेकत नाही. एखादं काम अगदीच बाहेरचं असेल तर केंद्रप्रमुखांना विचारते, “सर, याचं लेखी पत्र मिळेल का, म्हणजे हजेरीपत्रकात नोंद घेता येईल?” निम्मी कामं इथेच थांबतात. उरलेली मी वेळेवर करून देते, त्यामुळे माझ्या विचारण्याला आडमुठेपणा म्हणत नाहीत.

व्यापारी जहाजावर अधिकारी, रत्नागिरी

जहाजावर कॅप्टनचा शब्द अंतिम. खाली चीफ ऑफिसर, सेकंड, थर्ड, मग सारंग आणि खलाशी. समुद्रात महिनोन्महिने तीच वीस-बावीस माणसं, त्यामुळे वरच्याशी बिघडलं तर जायला दुसरी जागा नसते.

आमच्या प्रशिक्षणात विमान अपघातांचे दाखले देतात. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट धडकली, ५८३ माणसं गेली. त्यातल्या एका विमानाचा कॅप्टन कंपनीतला सर्वांत नावाजलेल्यांपैकी होता. पुढचं विमान धावपट्टीवरून बाहेर गेलं नाही का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती बाजूला सारली आणि इंजिनिअर पुढे बोलला नाही. त्या अपघाताने विमानवाल्यांना आणि पुढे आम्हालाही शिकवलं की कनिष्ठाची शंका एकदा बोलून संपता कामा नये. खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या २०१० च्या मनिला सुधारणांनंतर जहाजावरच्या अधिकाऱ्यांना याचं प्रशिक्षण सक्तीचं झालं.

मी थर्ड ऑफिसर असताना एका नदीतून वर जात होतो, स्थानिक पायलट (नदीतली वाट दाखवणारा जाणकार) ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, कॅप्टन शेजारी, दोघे गप्पांत. जहाज आखलेल्या मार्गाच्या पोर्टला, म्हणजे डावीकडे, सरकत होतं आणि इको साउंडरवर पाण्याची खोली उतरत होती. आम्हाला शिकवलेली पद्धत अशी की आधी माहिती द्या, मग चिंता सांगा, मग उपाय मागा. पहिल्यांदा म्हणालो, “सर, आपण मार्गाच्या पोर्टला आहोत.” कॅप्टनने मान हलवली, लक्ष गेलं नव्हतं. दुसऱ्यांदा, “सर, किलखाली (जहाजाच्या तळाखाली) पाणी कमी होतंय, मला चिंता वाटते.” तिसऱ्यांदा थेट, “सर, स्टारबोर्डला (उजवीकडे) वळायला हवं, आत्ता.” तेव्हा दोघांनी वळून पाहिलं आणि पायलटने हुकूम दिला. रात्री जेवताना कॅप्टन सगळ्यांसमोर म्हणाले, “आज थर्ड मेट तीनदा बोलला. पहिल्यांदाच ऐकायला हवं होतं मी.” तेव्हापासून ब्रिजवर वातावरण बदललं. कॅडेटसुद्धा बोलायला लागला.

आज माझ्या हाताखाली माणसं आहेत. वॉच, म्हणजे पाळी, बदलताना मी विचारतो, “मला न दिसलेलं काय आहे?” या प्रश्नाला “काही नाही” असं उत्तर मी घेत नाही.

जर्मनी, स्टुटगार्टजवळ

इथे येणाऱ्या आपल्या मुलांसाठी एकच सांगतो. बॉसला नाही म्हटलेलं इथे चालतं, हो म्हणून न केलेलं अजिबात चालत नाही. बैठकीत आपण गप्प बसलो तर आपली संमती आहे असं धरतात आणि नंतर “मला तेव्हाच वाटलं होतं” म्हणणाऱ्यावरचा विश्वास उडतो. पुण्याहून आल्यावर सुरुवातीला बैठकीआधी मी एक वाक्य लिहून न्यायचो आणि ते बोलायचोच.

निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

फौजेत उतरंड सगळ्यात कडक, असं लोक मानतात. ते खरं आहे. पण त्यात एक अशी जागा आहे जी बाहेर कुठे मला दिसली नाही, आणि ती म्हणजे सुभेदाराची. प्लॅटूनवर तेवीस-चोवीस वर्षांचा लेफ्टनंट येतो. हुद्द्याने तो माझा साहेब. मी त्याच्या जन्माच्या आसपास भरती झालेला. जवान मला ओळखतात, त्याला ओळखायला वेळ लागतो. त्याला सलाम मी करायचा आणि शिकवायचंही मीच.

हे जमायचं कसं? पहिला नियम, जवानांसमोर साहेबांचा शब्द कधी खाली पाडायचा नाही. एकदा डोंगरी भागात नव्या साहेबांनी नकाशा बघून गस्तीचा रस्ता ठरवला, नाल्याच्या पात्रातून. पाऊस वरच्या बाजूला पडत होता. सगळे उभे होते. मी म्हणालो, “साहब, पाच मिनट अलग से बात करनी है.” बाजूला नेऊन सांगितलं की इथे वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही नाला भरतो, कडेकडेने गेलो तर एक तास जास्त लागेल पण सगळे पोचतील. साहेब परत आले आणि स्वतःच्या तोंडाने नवा रस्ता सांगितला. मी त्यांच्या मागे उभा होतो. जवानांना काय कळायचं ते कळलं असेल, पण हुकूम साहेबांचाच राहिला. दुपारी नाला दोन्ही काठ धरून वाहत होता. त्या साहेबांनी पुढे प्रत्येक गस्तीआधी मला विचारलं.

दुसरी गोष्ट वरच्यांसाठी. कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांची मतं घेताना सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून करतात. मोठ्याचं मत आधी ऐकलं तर लहान माणूस तेच म्हणेल, म्हणून. आता मी एका सोसायटीत सुरक्षा पर्यवेक्षक आहे. आठवड्याची बैठक घेतो तेव्हा नव्या गार्डला आधी बोलायला लावतो. रात्रपाळीच्या पोराने सांगितलं की मागच्या भिंतीचा दिवा महिनाभर बंद आहे. मोठे सगळे तिथून दिवसा जात होते.

नुकताच रुजू झालेला, नाशिक

सगळं वाचतोय, खूप कामाचं आहे. एक अडचण आहे. माझे साहेब काही लिहून देत नाहीत. मेल नाही, मेसेज नाही, सगळं फोनवर. उद्या काही झालं तर माझ्याकडे काहीच नसेल. आणि “लिहून द्या” म्हटलं तर त्यांना वाटेल मी अविश्वास दाखवतोय. काय करू?

महसूल खात्यातून निवृत्त, सोलापूर जिल्हा

त्यांनी लिहायची गरज नाही, तुम्ही लिहा. फोन ठेवला की दहा मिनिटांत मेसेज टाका: “सर, आत्ता फोनवर सांगितल्याप्रमाणे अमुक काम अमुक पद्धतीने, शुक्रवारपर्यंत करतो. काही राहिलं असेल तर सांगा.” यात अविश्वास कुठेच नाही, काम नीट समजून घेणारा माणूस दिसतो. साहेबांनी उत्तर दिलं नाही तरी चालेल, मेसेज आणि वेळ राहते. एखादी गोष्ट खटकत असेल तर त्याच मेसेजमध्ये शेवटी एक ओळ घाला: “ठेकेदाराचं बिल मोजमाप पुस्तकाशी जुळवून मग पुढे पाठवू का?” प्रश्न विचारायचा, म्हणजे उत्तर त्यांना द्यावं लागतं. आणि हे चांगल्या दिवसांत सुरू करा, रोजच्या साध्या कामांपासून. भांडण झाल्यावर पहिला मेसेज गेला तर तो वेगळा वाचला जातो.

नुकताच रुजू झालेला, नाशिक

आज दुपारी पहिला पाठवला, स्टोअरच्या साहित्याबद्दल. साहेबांचं उत्तर आलं, “ओके. संख्या बाराऐवजी वीस कर.” फोनवर त्यांनी बाराच म्हटलं होतं.